राजांनी राखलेलं रान

पोलंडच्या पूर्व सीमेवर ब्यावोव्येझा नावाचं एक गाव आहे. तिथल्या जुन्या राजवाड्याच्या बागेत, तळ्याकाठी, वालुकाश्माचा एक स्तंभ उभा आहे. त्याच्यावर पोलिश आणि जर्मन भाषांत शिकारीचा हिशेब कोरलेला आहे: ४२ बायसन, १३ एल्क, २ रो हरणं. तारीख २७ सप्टेंबर १७५२. राजा तिसरा ऑगस्ट सहकुटुंब मचाणावर बसला होता आणि हाकाऱ्यांनी कोंडून आणलेली जनावरं समोरून पळवली जात होती. राणीनं एकटीनं वीस बायसन लोळवले आणि मधल्या वेळात ती कादंबरी वाचत होती, असं सांगतात. कादंबरीचं खरंखोटं बाजूला ठेवलं, तरी एका दिवसाचे ५७ बळी दगडावरच नोंदवलेले आहेत.

याच गावाभोवती पोलंड आणि बेलारूस मिळून सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर जंगल पसरलेलं आहे. युरोपच्या सखल प्रदेशातलं, जुन्या घडणीचं एवढं मोठं रान दुसरीकडे उरलेलं नाही. पर्यटनाच्या पत्रकांत त्याला हमखास ‘आदिम’ म्हटलेलं असतं, पण ते विशेषण जपून घ्यावं. या रानात जुने दफनाचे उंचवटे आहेत, आणि पाइनच्या उंच खोडांत मध गोळा करणाऱ्यांनी पोखरलेल्या ढोल्याही आहेत. माणूस इथे पूर्वीपासून वावरत होता. तरीही रान टिकलं, कारण सत्तेतल्या माणसांना तिथे शिकार करायची होती.

१४१०च्या ग्रुनवाल्डच्या लढाईआधी राजा यागेव्वोनं इथे शिकार करून मांस खारवलं आणि पिंपांत भरून सैन्यासाठी नदीमार्गे रवाना केलं. सोळाव्या शतकात बायसन मारणाऱ्याला देहदंड ठरला. पुढे ओसोचनिक नावाचे रखवालदार नेमले गेले. ते आसपासच्या गावांतले शेतकरी असत. रान राखायचं, राजा आला की हाका घालायचा, हे त्यांचं काम. १७९५मध्ये पोलंडच नकाशावरून पुसला गेला आणि जंगल रशियाच्या ताब्यात गेलं. १८८८पासून ती झारची खाजगी मालमत्ता झाली. त्यानं तिथे राजवाडा उठवला आणि शिकारीची जनावरं वाढवली. इतकी, की हरणांनी रोपटी खाऊन टाकल्यानं नवी झाडं उगवेनाशी झाली. रान राखण्याचा हा प्रकार राधानगरीच्या दाजीपूरसारखी संस्थानी शिकारीची जंगलं माहीत असलेल्या मराठी वाचकाला अनोळखी वाटायचा नाही.

राखणारा गेला की काय होतं, ते पहिल्या महायुद्धानं दाखवलं. १९१५मध्ये जर्मन फौज आली, रानात अरुंद रुळांची रेल्वे घातली, हायनुव्का इथे लाकूड कापण्याच्या गिरण्या उभारल्या. युद्धाआधी सातशेच्या आसपास असलेले बायसन उपाशी सैनिकांच्या आणि चोरट्या शिकाऱ्यांच्या तोंडी गेले. या रानातला शेवटचा मोकळा बायसन १९१९मध्ये मारला गेला.

जात मात्र बुडाली नाही, आणि ते श्रेय पुन्हा शिकारीच्या हौसेलाच द्यावं लागतं. १८६५मध्ये याच जंगलातून तीन माद्या आणि एक नर सायलीशियातल्या प्लेसच्या संस्थानिकाकडे पाठवले होते. त्या कळपाचे उरलेले वंशज आणि प्राणिसंग्रहालयांतली काही जनावरं, यांवरच सगळी भिस्त होती. आज जगात असलेला प्रत्येक युरोपीय बायसन जेमतेम बारा पूर्वजांची संतती आहे. १९२९मध्ये पहिली जनावरं ब्यावोव्येझाच्या कुंपणात परतली, १९५२मध्ये काही मोकळी सोडली. २०१९पर्यंत मोकळ्या बायसनांची जगभरातली संख्या ६,२००च्या वर गेली.

रानाचा गाभा राखण्याची खटपट स्वतंत्र पोलंडमध्ये सुरू झाली. वनस्पतिशास्त्रज्ञ व्लादिस्लाव शाफेर आणि सहकाऱ्यांच्या पाठपुराव्यानं १९२१मध्ये एक तुकडा राखीव झाला, १९३२मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. याच काळात उरलेल्या रानात एका ब्रिटिश कंपनीला तोडीचा मक्ता देऊन सरकारनं पैसे उभे केले होते. म्हणजे एका हातानं राखायचं, दुसऱ्या हातानं विकायचं.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत आणि जर्मन, दोन्ही आले. फेब्रुवारी १९४०मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून पहिली मोठी हद्दपारी केली, त्या यादीत वनरक्षकांची कुटुंबंही होती. सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेल्या पोलिश निर्वासितांपैकी सुमारे पाच हजार जण पुढे १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. १९४१नंतर ब्यावोव्येझावर नाझी नेता गोअरिंगचा डोळा होता. त्याला इथे आपली शिकारीची जागा हवी होती. त्यासाठी गावं जाळली, माणसं हुसकावली, ज्यूंना ठार मारलं. प्राण्यांना अभय आणि माणसांना मरण, असं ते संरक्षण होतं.

आज कडक संरक्षित भागात परवानाधारक वाटाड्याशिवाय जाता येत नाही. लाकडी फाटक ओलांडलं की पहिल्यांदा जाणवतो तो पसारा. ओक, लिंडेन, हॉर्नबीम. पन्नास मीटरपर्यंत चढलेले स्प्रूस. आणि पडलेली खोडं पडल्या जागीच. सडत्या खोडावर शेवाळ, शेवाळात नवं रोप, बाजूला बुरशीचे थर. तीन बोटांचा सुतार पक्षी सालीखालच्या अळ्या टिपतो, पांढऱ्या पाठीच्या सुताराला वठलेली पानझडी झाडं लागतात. वनखात्याच्या रीतीनं साफसूफ केलेल्या रानात या पक्ष्यांची उपासमार होते. बायसनसाठी आलेल्या पाहुण्याची इथे बहुधा निराशा होते. कळप दिसतात ते हिवाळ्यात, वन कर्मचाऱ्यांनी गवताच्या गंजी ठेवलेल्या मोकळ्या कुरणांत. ‘जंगली’ जनावराला अजूनही वैरण घातली जाते.

याच रानाच्या बेलारूसी बाजूला विस्कुली नावाचं सरकारी शिकारघर आहे. ८ डिसेंबर १९९१ रोजी तिथे रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी सोव्हिएत संघाच्या विसर्जनाच्या करारावर सह्या केल्या.

रान राखायचं की तोडायचं, हे भांडण अजून मिटलेलं नाही. पोलंडच्या बाजूच्या रानाचा जेमतेम सहावा हिस्सा राष्ट्रीय उद्यानात येतो. उरलेल्या भागात सालकिड्यानं स्प्रूस वाळले, तेव्हा २०१६मध्ये सरकारनं तोडीची मर्यादा तिपटीनं वाढवली. वाळलेलं झाड काढलं की रोग थांबतो, असं वनखातं म्हणे. वाळलेलं झाड हेच इथल्या जीवांचं घर, असं जीवशास्त्रज्ञ म्हणत. एप्रिल २०१८मध्ये युरोपीय न्यायालयानं ही तोड बेकायदेशीर ठरवली. उद्यान वाढवायचं तर कायद्यानं स्थानिक ग्रामसभांची संमती लागते, आणि सरपणासाठी, लाकडाच्या रोजगारासाठी रानावर अवलंबून असलेली गावं ती देत नाहीत. त्यात २०२२मध्ये स्थलांतरितांना अडवायला पोलंडनं सीमेवर साडेपाच मीटर उंच पोलादी कुंपण उभारलं. ते या जंगलाच्याही मधून जातं.