संत्र्याची पेटी आणि घरचे ताट

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तिगाव, पांढुर्णा व सौंसर ही गावे मध्यप्रदेशात राहिली. परंतु घरांतील मराठी आणि मळ्यांतील नागपुरी संत्रे यांनी सीमा मानली नाही. हे फळ भोसल्यांनी औरंगाबादेहून आणवून नागपूरच्या बागेत लावले, असे सांगतात. राजाच्या बागेतून ते कुणब्याच्या मळ्यात आले. आंबिया आणि मृग या दोन बहारांवर संसार चालू लागले.

मात्र विकावयाचे फळ घरात खर्चणे शेतकऱ्याच्या जिवावर येते. उत्तम फळ पेटीत जाते; लेकरांच्या वाट्यास काय उरते?

१७४७ साली जेम्स लिंड या शल्यवैद्याने हिरड्या सुजलेल्या खलाशांस संत्री-लिंबे दिली, आणि ते इतरांहून लवकर उठले. त्यातील जीवनसत्त्व ‘क’ पुढे विसाव्या शतकात ओळखले गेले. आपल्या पूर्वजांस ते नाव ठाऊक नव्हते. तरी भोगीची मिसळीची भाजी आणि ऋषिपंचमीची कंदमुळे त्यांनी व्रतात गुंफली. धर्माच्या निमित्ताने वर्षातून दोनदा तरी नाना भाज्या मुलांच्या ताटात पडत.

आता निमित्ताची वाट का पाहावी? देवापुढील संत्रे सोलून, बिया काढून प्रथम लहानग्याच्या हाती द्यावे. वडीलधाऱ्यांनी त्याच्यासमोर पालेभाजी आवडीने खावी. मूल उपदेशाने नव्हे, पंक्तीने शिकते. पेटी भरण्यापूर्वी चार फळे घरासाठी काढून ठेवणे, हाही एक नैवेद्यच होय.