गाण्याचे नाव काय? एटापल्लीतील एका जोडणीचा इतिहास

एटापल्लीच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीची जी दुकाने आहेत, त्यांतल्या एकात मी अधूनमधून जाऊन बसतो. दुकानदार जुन्या ओळखीचा आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथे एक माडिया तरुण आला. हातात नवा ब्लूटूथ स्पीकर, खिशात नवा फोन. घरी बहिणीचे लग्न होते आणि त्यात त्याला आजीचा रेला वाजवायचा होता. आजी दोन वर्षांपूर्वी गेली होती. दुकानदाराने स्पीकर फोनशी जोडून दिला, गाण्यांचे अ‍ॅप उघडले आणि विचारले, "गाण्याचं नाव काय, भाऊ?"

"नाव नाही जी. आजीचा रेला आहे."

"गायलं कोणी?"

"आजीनंच. अन् गावातल्या बाया होत्या."

दुकानदाराने अ‍ॅपमध्ये 'रेला' असे टाकून पाहिले. भलतीच गाणी आली. मग तरुणाने पाकिटातून कागदाची पुडी काढली. तिच्यात नखाएवढे मेमरी कार्ड होते. गाणे त्यात होते; पण नव्या फोनला कार्ड घालायची खाचच नव्हती. म्हणजे स्पीकर होता, फोन होता, अ‍ॅप होते, सगळे एकमेकांशी जोडलेही गेले होते. गाणे तेवढे बाहेर राहिले होते.

मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. ऐन तारुण्यात चंद्रपूरला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी केली, पुढे पोटासाठी इतर कामे केली आणि वाचनाचा नाद लागला तो असा दुरुस्तीच्या टेबलावरून. त्यामुळे त्या दिवशी मला पडलेला प्रश्नही दुरुस्ती करणाऱ्याचाच होता: जोड नेमका कुठे तुटला? शोधू लागलो, तेव्हा तो त्या दुकानाच्या बऱ्याच मागे, दीडशे वर्षे मागे जाऊन पोहोचला.

गोंडी गाणे गाणाऱ्यापासून वेगळे काढून दुसऱ्या कशात तरी साठवण्याचा पहिला मोठा प्रयत्न आपल्याच विदर्भात झाला. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले. हिस्लॉप १८६३ मध्ये वारले. त्यांचे कागद मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी. तेव्हा साठवायला कागदाखेरीज दुसरे साधनच नव्हते. पुढे १९३५ मध्ये व्हेरिअर एल्विन आणि शामराव हिवाळे यांनी गोंडांची गीते पुस्तकरूपाने आणली. या ग्रंथांचे मोल मोठे आहे. पण कागदावर शब्द उतरतात. चाल, श्वास, मागून धरणाऱ्या बायांचा आवाज उतरत नाही. आणि परधानाचे गीत हिस्लॉपच्या नावाने ओळखले जाऊ लागते. गाण्याचे नाव आणि गाणाऱ्याचे नाव यांचा घोळ तेव्हापासूनचा आहे.

त्यानंतर आला रेडिओ. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता. तो चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. रेडिओ घरात ठेवायचा तर सरकारी परवाना लागे. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने बिनतारी उपकरण विनापरवाना नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरवला होता. आमच्या घरी रेडिओ लायसन्सचे पुस्तक होते. वडील दरवर्षी पोस्टात जाऊन त्यावर तिकिटे लावून आणत. आजच्या मुलांना हे सांगितले तर ती हसतात. साधे रेडिओ या परवान्यातून सुटले ते १९८० च्या दशकात.

रेडिओने जंगलातल्या गावांना गाणी ऐकवली, बातम्या दिल्या, शेतीचा सल्ला दिला. १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत श्रोत्यांची मंडळे बसवण्याचा प्रयोग केला. लोकांनी एकत्र ऐकायचे, चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. हा प्रयोग गाजला, कारण रेडिओत जे मुळात नव्हते ते त्याने बाहेरून जोडले: परतीची वाट. एरवी रेडिओ एकाच दिशेने बोलतो. १९७७ मध्ये जगदलपूर केंद्र निघाले आणि हलबीसारख्या बस्तरच्या बोली हवेवर ऐकू येऊ लागल्या. पण कोणाचा आवाज हवेवर जायचा, हे केंद्रातच ठरे.

उमेदवारीच्या काळात जुने व्हॉल्व्हचे रेडिओ माझ्या हाताखालून गेले. त्यांच्या पाठीमागे दोन भोके असत, ग्रामोफोनची वायर लावण्यासाठी. रेडिओचा आवाज मोठा करणारा भाग तयारच असे. त्यात बाहेरचा आवाज सोडायचा एवढेच. आजच्या 'ऑक्स' पिनेची ती पणजी म्हणता येईल. खुद्द त्या पिनेचे घराणे आणखी जुने. १८७० च्या दशकाच्या अखेरीस टेलिफोन एक्स्चेंज निघाले, तिथे बसणारा माणूस एका ग्राहकाची वायर दुसऱ्याच्या भोकात खुपसून बोलणे जोडून देई. त्याच्या हातातली ती पिन. ती लहान होत होत ट्रान्झिस्टरच्या कानातल्या वायरीपर्यंत, वॉकमनपर्यंत आणि मोबाइलपर्यंत आली. दीडशे वर्षांच्या या कामकरी वस्तूला नव्या फोनांनी आता रजा दिली आहे.

आमच्या भागाच्या दृष्टीने खरा बदल कॅसेटने केला. फिलिप्स कंपनीने ती १९६३ मध्ये आणली. आमच्याकडे गावोगाव दिसू लागली ती 'टू-इन-वन' स्वस्त झाल्यावर. तिचे महत्त्व मी एका लाल बटणात पाहतो. रेडिओला ते नव्हते. टू-इन-वनला होते, आणि शेजारी बारीक माइकही असे. ते दाबले की समोरचा आवाज टेपवर उतरे. परवाना नको, केंद्र नको, नाव नको. लग्नातला, पंडुमातला रेला कोणीतरी टेप करून ठेवी आणि पुढच्या लग्नात वाजवी. सेल उतरले की आवाज जड होई, मग सेल उन्हात ठेवून पुन्हा चालवायचे. टेप गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची. कॅसेटच्या पट्टीवर निळ्या पेनने फक्त गावाचे नाव आणि साल लिहिलेले असे. गाण्याला नाव नसले तरी काही अडत नसे, कारण लावणाऱ्याला ते कुठले आहे हे ठाऊक असे.

कॅसेटची जागा मेमरी कार्डाने घेतली. 'मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील' अशा पाट्या या बाजारातही लागल्या. लोक गाणी भरून घेत, तसा आपला आवाजही भरत. बटणांच्या साध्या फोनमध्ये आवाज टिपण्याची सोय होती. मात्र त्यातले बरेच फोन तो 'एएमआर' नावाच्या पद्धतीने साठवत. ही पद्धत टेलिफोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेली. माणूस काय बोलतो ते कळावे एवढाच तिचा हेतू. म्हणून साधारण दोनशे ते साडेतीन हजार हर्ट्झ एवढ्याच टप्प्यातला आवाज ती ठेवते आणि बाकीचा टाकून देते. बोलण्याला हे पुरते. ढोलाचा घुमारा त्या रेषेखाली जातो, त्यामुळे तो पुसट होतो. गाणे टिपणाऱ्याला हे त्या वेळी कळण्याची काही सोय नव्हती.

आता ब्लूटूथ. स्वीडनमधल्या लुंड गावी एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास यावर काम सुरू झाले, १९९८ मध्ये पाच कंपन्यांनी मिळून त्याचा संघ केला आणि डेन्मार्कच्या दहाव्या शतकातल्या एका राजाचे नाव त्याला मिळाले. फोन आणि स्पीकर एकमेकांना ओळखतात, एक गुप्त किल्ली ठरवून लक्षात ठेवतात आणि मग सेकंदाला १,६०० वेळा वाहिनी बदलत बोलतात. यात इंटरनेट कुठेच नाही. ही दोन छोटी रेडिओ केंद्रेच आहेत. १९३३ च्या कायद्याच्या काटेकोर अर्थाने पाहिले तर त्या दोन्हींना परवाना लागला असता. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली कमी शक्तीची उपकरणे परवान्यातून मोकळी केली, म्हणून आज कोणीही आठवडी बाजारातून स्पीकर उचलून घरी नेऊ शकतो. वडिलांच्या त्या तिकिटांच्या पुस्तकापासून इथपर्यंतची वाट मला लहान वाटत नाही.

या मोकळीकीचा सर्वांत हुशार वापर आमच्या शेजारी छत्तीसगडमध्ये झाला. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'सीजीनेट स्वरा'वर कोणीही साध्या फोनवरून गोंडीत आपली तक्रार, बातमी, गाणे नोंदवू शके. जिथे नेट नाही तिथे ते पोहोचवायचे कसे? नेट असलेल्या ठिकाणी एकाने कार्यक्रम उतरवून घ्यायचा आणि मग फोनवरून फोनवर ब्लूटूथने पुढे द्यायचा. लोकांच्या उच्चारावरून त्याला 'बुल्टू रेडिओ' असे नाव पडले. पुण्याच्या १९५६ च्या प्रयोगाला जी परतीची वाट टपालाने जोडावी लागली, ती इथे माणसाच्या खिशातून गेली.

अ‍ॅपची गोष्ट वेगळी आहे. २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला. २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आले. त्याआधी गाना, सावन होतीच. अ‍ॅपमधले गाणे स्पीकरपर्यंत दोन वाटांनी जाते. पहिली ब्लूटूथची: गाणे नेटवरून फोनमध्ये येते आणि फोन ते स्पीकरला देतो. दुसरी वायफायची: फोन फक्त कोणते गाणे ते सांगतो आणि स्पीकर स्वतःच नेटवरून ते ओढून घेतो. मग फोन बंद केला तरी गाणे चालू राहते. शहरातल्या घरात ही दुसरी वाट फार सोयीची. टोल्यावर जिथे वायफाय नाही, तिथे ती नसल्यासारखीच. म्हणून आमची मुले गावात रेंज मिळाली की गाणी अ‍ॅपमध्येच उतरवून ठेवतात. पण हे उतरवणे कार्ड भरण्यासारखे नाही. ती फाइल अ‍ॅपच्या कुलपात असते. मित्राला देता येत नाही, आणि ठरावीक दिवसांनी नेटला जोडून आपण अजून ग्राहक आहोत हे दाखवावे लागते. परवान्याचे पुस्तक गेले आणि ते दुसऱ्या रूपात परत आले, असे मला कधी कधी वाटते.

त्याहून मोठी अट नावाची. अ‍ॅप गाणे शोधते ते शीर्षकावरून आणि कलाकारावरून. ज्या गाण्याला शीर्षक नाही आणि ज्याचा कलाकार म्हणजे अंगणातल्या पंधरा बाया, ते अ‍ॅपच्या हिशेबात नसतेच. तरुणाचे गाणे हरवले नव्हते. ते मागायची भाषा त्या यंत्राला येत नव्हती, एवढेच.

कार्डाचे काय झाले ते सांगतो. दुकानातल्या कार्ड रीडरने आधी ते वाचलेच नाही. अशा कार्डात विजेचा सूक्ष्म भार साठवलेला असतो. वर्षानुवर्षे न वापरता पडले की तो झिरपतो. टोके पुसून, माझ्या जुन्या लॅपटॉपला लावून तिसऱ्या प्रयत्नात ते उघडले. काही फाइली गेल्या होत्या. आजीचा रेला एका आकडी नावाच्या फाइलीत सापडला. एएमआरच होता, तो बदलून घेतला, तेव्हा कुठे नवा फोन तो वाजवू लागला. दुकानातच स्पीकरवर लावला. आजीचा आवाज स्वच्छ होता. बायांचा होता. ढोल मात्र लांबून कोणी पाटावर बोटे वाजवावीत तसा.

"ढोल गेला जी," तो म्हणाला.

"तो परत येणार नाही," मी म्हणालो. "फोननं तो घेतलाच नव्हता."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "असू द्या. ढोल आमचा काका वाजवते."

लग्नाला मी गेलो नाही, त्यामुळे तिथे काय झाले ते मला सांगता येणार नाही. पण जाताना त्याने विचारलेला प्रश्न माझ्याजवळ राहिला आहे: "हे अ‍ॅपवर टाकू का, दादा?" टाकता येते. पैसे फारसे पडत नाहीत. फॉर्ममध्ये दोन रकाने भरावे लागतात, गाण्याचे नाव आणि कलाकाराचे नाव. पहिल्यात काय लिहायचे? दुसऱ्यात आजी लिहिली तर बाकीच्या बाया कुठे जातात? आणि त्याने स्वतःचे नाव घातले तर हिस्लॉपचीच गोष्ट पुन्हा होते. मी त्याला म्हटले की त्या गाण्यात ज्यांचा आवाज आहे त्यांपैकी ज्या हयात आहेत, त्यांना आधी विचार.

तोवर आम्ही तीन प्रती केल्या: एक त्याच्या फोनमध्ये, एक पेन ड्राइव्हवर, एक माझ्याकडे. पाकिटावर त्याने सांगितले तसे मी लिहिले: गाव, लग्न कोणाचे, साल, आजीचे नाव, आणि त्याला आवाजावरून ओळखता आलेल्या सात बायांची नावे. उरलेल्यांसाठी जागा मोकळी ठेवली आहे. तो गावात विचारून पुढच्या बाजाराला सांगणार आहे.