विजेची गाडी आणि भाकरीची फेरी



सोलापूर म्हटले की प्रथम चादर आठवते, आणि तिच्या पाठोपाठ कडक भाकरी व शेंगाचटणी. 1860 साली येथे आगगाडी आली, 1877 साली पहिली कापडगिरणी उभी राहिली, आणि गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या या शहरात वेळेवर पोटात चार घास पडणे ही मोठी निकड होऊन बसली. जुने भोंगे आता थांबले. भाकरीचा धंदा मात्र मुख्यतः स्त्रियांच्या हातून चालूच आहे. पातळ थापून, भाजून, वाळविलेली भाकरी कित्येक दिवस टिकते. खानावळीतील भाजीला किंवा दुधाला ती सवलत नाही. तेव्हा अशा व्यावसायिकांचा माल गिऱ्हाइकांकडे पोहोचविण्यासाठी विजेच्या गाड्यांची पेढी काढावी, असे कोणाच्या मनात आले तर त्याने काय पाहावे? माझ्या मते, यंत्राआधी इतिहास पाहावा.

विजेची गाडी ही नवी वस्तू नव्हे. पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 साली सिद्ध केली. 1900 साली अमेरिकेत तयार झालेल्या मोटारींपैकी सुमारे एकतृतीयांशाहून अधिक विजेवर चालत. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, 1912 साली मोटारीला विजेचा स्वयंचालक स्टार्टर लाभला, दूरचे रस्ते सुधारले, आणि विजेची गाडी मागे पडली.

परंतु ती सर्वत्र हरली नाही. अमेरिकेतील हार्टफर्ड शहराच्या वीज कंपनीने 1910 पासून 1924 पर्यंत एक नामी योजना चालविली. व्यापाऱ्याने गाडी बॅटरीवाचून विकत घ्यावी; बॅटरी कंपनीची. ती उतरली की भरलेली बॅटरी बसवून मिळे, आणि आकार मुख्यतः चाललेल्या मैलांवर पडे. या योजनेखाली गाड्या साठ लाख मैलांहून अधिक चालल्या. सर्वांत महाग वस्तूचा भार लहान व्यापाऱ्याच्या शिरावरून उतरला, यातच तिचे यश होते.

दुसरा दाखला इंग्लंडचा. तेथील गवळी दारोदार थांबत दूध देई. क्षणाक्षणाला थांबण्या-निघण्यात पेट्रोलचे इंजिन उगाच झिजे; विजेची गाडी मात्र पहाटेची झोप न मोडता निमूटपणे फिरे, आणि फेरी आटोपून त्याच आवारात परतून भरली जाई. 1967 च्या सुमारास ब्रिटनमध्ये बॅटरीवरील गाड्या उरलेल्या साऱ्या जगाहून अधिक आहेत, असे तेथील विद्युत्वाहन संघ सांगत असे; त्यांतील बहुतेक दुधाच्याच होत्या. पुढे घरोघरी शीतकपाट आले, मोठी दुकाने निघाली, आणि त्या गाड्या ओसरल्या. यंत्र बिघडले नव्हते. फेरीच संपली होती.

फेरीचे हे माहात्म्य आपणांसही ठाऊक आहे. मुंबईत 1890 च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डब्यांची व्यवस्था आगगाडी, सायकल आणि माणसाचे खांदे यांवरच वाढली. ठरलेली वाट, ठरलेली वेळ आणि ठरलेली घरे हेच तिचे भांडवल.

विजेच्या मालगाडीला आज अनुकूल काळ आला आहे. 1991 पासून बाजारात आलेल्या हलक्या लिथियम बॅटरीने तिचे ओझे कमी केले. फलटणच्या निंबकर संस्थेने 1990 च्या दशकापासून विजेच्या सायकलरिक्षावर परिश्रम घेतले. आणि 2020 साली महिंद्र कंपनीने मालवाहू विजेची तीनचाकी बाजारात आणली. तरी सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते, हे विसरून चालणार नाही. सावलीचे आवार व दुपारचा विसावा या येथे चैनीच्या गोष्टी नव्हेत.

म्हणून नव्या पेढीने गाडी निवडण्यापूर्वी आधी दहा-वीस स्वयंपाकघरांची एकत्र फेरी बांधावी, आणि बॅटरीचा खर्च एकट्यादुकट्या भाकरीवालीच्या माथी न मारता फेरीवर वाटावा. हार्टफर्डचा व्यापारी तरला तो याच हिशेबाने. एरवी गाडी विजेची, पण कर्जाचे ओझे चुलीपुढे बसलेल्या बाईचे, अशी गत व्हायची. आणि ज्या फेरीत भाकरी करणारीच बुडते, ती फेरी फार दिवस चालत नाही.