मानसिक उपचारांचा स्वतःचा अनुभव कलेतून मांडताना: रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी माहिती

मानसिक आजारातून सावरून घरी आल्यावर बहुतेकांना एकच वाक्य ऐकायला मिळते: "झालं गेलं विसरून जा." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याने ते दिवस काढले, त्याला ते इतक्या सहज विसरता येत नाहीत. वॉर्डातील रात्री, ओपीडीच्या बाकावरची वाट पाहणे, गोळ्यांची गुंगी, शॉक ट्रीटमेंटची सकाळ, भेटीला येऊन न बोलता बसलेले वडील हे सारे मनात राहते. मग कोणी वहीत लिहू लागतो, कोणी चित्रे काढतो, कोणी कविता करतो, तर कोणी एकांकिका लिहितो.

असे करावे का? त्याने आजार उलटेल का? घरच्यांची बदनामी होईल का? हे प्रश्न रुग्ण आणि नातेवाईक आम्हाला नेहमी विचारतात. त्यांची उत्तरे या लेखात दिली आहेत.

आर्ट थेरपी आणि स्वतःची कला यांत फरक काय?

आर्ट थेरपी हा उपचाराचा भाग असतो. प्रशिक्षित थेरपिस्ट समोर असतो, वेळ ठरलेली असते आणि तुम्ही जे काढता ते तुमच्या दोघांत राहते. चित्र चांगले आले की वाईट, याला तिथे महत्त्व नसते. 'आर्ट थेरपी' हा शब्द १९४२ साली एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने वापरात आणला. क्षयरोगातून बरे होत असताना सॅनेटोरियममध्ये चित्रे काढल्याचा फायदा त्यांनी स्वतः अनुभवला होता.

उपचारांच्या अनुभवावर स्वतः कलाकृती करणे ही वेगळी गोष्ट आहे. इथे ठरवणारे तुम्हीच असता. काय सांगायचे, काय वगळायचे, कोणाला दाखवायचे, हे सगळे तुमच्या हातात असते. हे स्वातंत्र्य मोलाचे आहे, पण समोर थेरपिस्ट नसल्यामुळे स्वतःची काळजीही स्वतःच घ्यावी लागते.

याचा उपयोग काय होतो?

आजारपणात तुमच्याबद्दल बाकी सगळे बोलतात. केस पेपरवर डॉक्टर लिहितात, नातेवाईक लक्षणे सांगतात. तुमची बाजू तुमच्या शब्दांत कुठेच नोंदलेली नसते. कलेतून ती मांडता येते. अनेक रुग्णांना याच गोष्टीने बरे वाटते.

मनातील त्रासदायक अनुभव लिहिण्यावर १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बिआल यांनी अमेरिकेत अभ्यास केला. विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे लिहायला सांगितले होते. लिहून झाल्यावर लगेच त्यांना अधिक उदास वाटले, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर झालेल्या अनेक अभ्यासांत फायदा दिसला, पण तो सरासरीने लहान होता आणि सर्वांना सारखा मिळाला नाही. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने कला आणि आरोग्य या विषयावरील ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातही कला उपचारांना पूरक ठरते असे दिसले. औषधे आणि समुपदेशन यांची जागा मात्र ती घेत नाही.

एक खरे उदाहरण: विल्यम कुरेलेक

कॅनडाचे चित्रकार विल्यम कुरेलेक तरुणपणी तीव्र नैराश्याने त्रस्त होते. उपचारांसाठी ते लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात दाखल झाले. तिथे १९५३ साली त्यांनी 'द मेझ', म्हणजे भुलभुलैया, हे चित्र काढले. त्यात उघडलेली एक कवटी आहे. तिच्या कप्प्याकप्प्यांत लहानपणीचे अपमान, वडिलांचा धाक आणि स्वतःला तपासणारे डॉक्टर दिसतात. मधोमध धावून थकलेला पांढरा उंदीर अंग आखडून पडला आहे. जे तोंडाने सांगता येत नव्हते, ते त्यांनी डॉक्टरांपुढे असे ठेवले.

या चित्राने ते बरे झाले का? नाही. त्यानंतरही त्यांची प्रकृती खालावली. नेदर्न रुग्णालयात त्यांना शॉक ट्रीटमेंट घ्यावी लागली. तिथे रुग्णांसाठी चित्रशाळा चालवणारे एडवर्ड अ‍ॅडमसन त्यांना भेटले. बरे होण्याचे श्रेय पुढे कुरेलेक यांनी मुख्यतः आपल्या धर्मश्रद्धेला दिले. १९७१ साली त्यांनी 'आउट ऑफ द मेझ' हे चित्र काढले. त्यात तीच कवटी रिकामी पडली आहे आणि ते बायको-मुलांसोबत मोकळ्या माळावर बसले आहेत. दोन चित्रांमध्ये १८ वर्षे गेली. तुम्ही आज जे काढाल किंवा लिहाल, ते तुमच्या गोष्टीचे शेवटचे पान असेलच असे नाही.

"गोळ्या घेतल्या तर माझी कला जाईल का?"

ही भीती फार जणांना वाटते आणि तिच्यापायी औषधे परस्पर बंद करणारे रुग्ण आम्हाला दिसतात. व्हॅन गॉग यांचे उदाहरण हमखास दिले जाते. मे १८८९ ते मे १८९० या काळात ते फ्रान्समधील सँ-रेमी येथील मनोरुग्णालयात होते. तिथे त्यांनी सुमारे १५० चित्रे काढली. पण आजाराचा झटका असे तेव्हा कित्येक आठवडे त्यांना काम करता येत नसे. चित्रे झाली ती मधल्या शांत दिवसांत.

बायपोलर आजारात दिल्या जाणाऱ्या लिथियमबद्दल डेन्मार्कचे डॉ. मोगेन्स शू यांनी १९७९ साली २४ कलावंतांना विचारले होते. १२ जणांनी काम वाढल्याचे सांगितले, ६ जणांनी फरक नसल्याचे आणि ६ जणांनी काम कमी झाल्याचे. अभ्यास लहान आहे, पण दोन गोष्टी कळतात. औषधाने कला संपते हे खरे नाही. आणि काहींना अडचण येते, हेही खरे आहे.

तुम्हाला अशी अडचण येत असेल तर ती डॉक्टरांना नेमकी सांगा:

- हात थरथरतो, ब्रश किंवा पेन स्थिर राहत नाही. लिथियम आणि व्हॅल्प्रोएटने असे होऊ शकते.
- अंग किंवा बोटे कडक झाल्यासारखी वाटतात.
- जवळचे अंधुक दिसते, वाचता येत नाही.
- सकाळभर गुंगी असते, काही सुचत नाही.

डोस, वेळ किंवा औषध बदलून यातून बरेचदा मार्ग निघतो. "मी चित्रे काढतो, मला हाताची गरज आहे" हे डॉक्टरांना माहीत असायलाच हवे. गोळ्या अचानक थांबवू नका. लिथियम चालू असताना थरथर एकदम वाढली, उलट्या-जुलाब सुरू झाले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

सुरुवात कधी करावी?

स्वतःपुरते लिहिणे किंवा रेखाटणे केव्हाही करता येते. पण सर्वांत कठीण प्रसंगाला हात घालण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहा:

- काही आठवडे झोप, भूक आणि दिनक्रम बऱ्यापैकी ठीक आहेत.
- औषधे नियमित सुरू आहेत.
- त्रास झाला तर फोन करता येईल अशी एक तरी व्यक्ती आहे.
- आत्महत्येचे विचार सध्या नाहीत.

सुरुवात कशी करावी?

1. छोट्या वस्तूपासून सुरुवात करा. गोळ्यांचा डबा, केस पेपरची फाइल, वॉर्डातील खिडकी, डब्यातून आलेली घरची भाजी. लहान वस्तूतून मोठा अनुभव आपोआप पुढे येतो.
2. वेळेची मर्यादा ठेवा. १५ ते २० मिनिटे पुरेत. गजर लावा. झोपण्यापूर्वीची वेळ टाळा.
3. शेवट ठरवून ठेवा. वही मिटल्यावर चहा करा, चालून या, कोणाशी तरी बोला.
4. आठवत नसेल तर अडून राहू नका. तीव्र आजारात आणि शॉक ट्रीटमेंटच्या आसपासच्या काळात आठवणींत खंड पडू शकतो. बऱ्याच आठवणी हळूहळू परततात, काही परतत नाहीत. "इथे मला आठवत नाही" असे लिहिणेही खरेच असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार स्वतःची मूलभूत वैद्यकीय कागदपत्रे मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. ती वाचताना सोबत कोणी असलेले बरे.
5. चांगले आले पाहिजे हा हट्ट सोडा. खडू, बॉलपेन, मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज, जुन्या वर्तमानपत्रांचे कोलाज, काहीही चालेल.

काम बाजूला ठेवण्याच्या खुणा

- लिहून किंवा काढून झाल्यावरची अस्वस्थता दुसऱ्या दिवशीही उतरत नाही.
- तोच प्रसंग सारखा डोळ्यांपुढे येतो, दचकून जाग येते.
- रात्र रात्र जागून काम होते, तरी थकवा येत नाही, कल्पना थांबत नाहीत. बायपोलर आजारात ही उन्मादाची सुरुवात असू शकते.
- चित्रातून किंवा शब्दांतून आपल्याला आदेश मिळत आहेत असे वाटते.
- मरणाचे विचार पुन्हा येऊ लागतात.

पहिल्या दोन खुणा दिसल्या तर काम थांबवा आणि पुढच्या भेटीत सांगा. बाकीच्यांसाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

लोकांसमोर आणण्यापूर्वी

काढणे आणि दाखवणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला घेतला म्हणजे दुसरा घ्यायलाच हवा असे नाही.

- थांबा. काम पूर्ण झाल्यावर निदान महिनाभर ठेवून द्या. उन्मादाच्या भरात समाजमाध्यमांवर टाकलेला मजकूर नंतर पुसता येतो, पण लोकांनी काढलेले स्क्रीनशॉट राहतात.
- कोण कोण वाचेल याचा विचार करा. ऑफिसातील साहेब, शेजारी, सोयरीक घेऊन येणारे पाहुणे. कलंक हा समाजाचा दोष आहे, पण त्याची किंमत तुम्हाला मोजावी लागते. टोपणनावाने लिहिण्यात भित्रेपणा नाही.
- दुसऱ्यांची गुपिते जपा. शेजारच्या खाटेवरील रुग्णाचे नाव, गाव, आजार लिहू नका. वॉर्डात फोटो काढू नका. मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, असे कायदा सांगतो. हेच संरक्षण तुम्हालाही आहे.
- आत्महत्येचा उल्लेख जपून करा. पद्धत आणि तपशील देऊ नका. तशाच अवस्थेतील वाचकाला त्याने धोका होऊ शकतो. मदत कशी मिळाली ते मात्र जरूर सांगा.
- औषधांचा सल्ला देऊ नका. तुम्हाला लागू पडलेली गोळी दुसऱ्याला घातक ठरू शकते.

कुटुंबीयांसाठी

समजा, तुमच्या मुलीने काढलेल्या चित्रात बंद दरवाजा आहे आणि दरवाजाबाहेर तुम्ही पाठमोरे उभे आहात. ते पाहून लागेल. "आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू हे काढलंस?" असे तोंडून निघू शकते. तिथे क्षणभर थांबा. त्या चित्रातून ती त्या वेळी तिला काय वाटले ते सांगत आहे. तो तुमच्यावरचा निकाल नाही.

- "हे काय काढलंस?" असे न विचारता "याबद्दल सांगशील का?" असे विचारा. नाही म्हणाली तर सोडून द्या.
- वही चोरून वाचू नका. जिवाला धोका असल्याची खरी शंका असेल तर सरळ विचारा. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार डोक्यात येतो, हा गैरसमज आहे.
- पाहुण्यांपुढे कौतुकानेही चित्रे मांडू नका. आधी परवानगी घ्या.
- तुमच्याबद्दलचे काही छापले जाणार असेल तर आधी वाचायला मागण्यात गैर नाही. तुम्हाला अडचण वाटते तो भाग शांतपणे सांगा.
- आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांचाही एक अनुभव असतो. तुम्हीही लिहा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चित्र पाहून डॉक्टर आजार ओळखतात का?
नाही. काळा रंग म्हणजे नैराश्य, असे ठोकताळे खरे नसतात. निदान बोलणे, तपासणी आणि आजाराचा इतिहास यांवरून होते.

माझी वही डॉक्टरांना दाखवू का?
इच्छा असेल तर जरूर दाखवा. ओपीडीत वेळ कमी असतो, म्हणून एकच पान निवडा. सांगायला जड जाणारी गोष्ट अशी पुढे करता येते.

उपचारांचा अनुभव वाईट होता. तेही मांडू का?
हो. राग, अपमान, भीती हे सगळे त्या अनुभवात येते. मात्र गंभीर तक्रार असेल तर ती कलाकृतीसोबतच योग्य ठिकाणी लेखीही करा. आणि एका ठिकाणच्या वाईट अनुभवामुळे उपचारच सोडू नका, डॉक्टर बदलता येतात.

मला काही मांडायचेच नाही. मी बरा होत नाही का?
तसे मुळीच नाही. न बोलता, न लिहिता बरे होणारे असंख्य लोक आहेत. तुमचा अनुभव तुमचा आहे. तो मिटून ठेवण्याचाही तुम्हाला हक्क आहे.

तातडीची मदत

लिहिताना, काढताना किंवा एरवीही जीव नकोसा वाटला, तर एकटे राहू नका. शासनाच्या टेलि-मानस या हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. धोका समोर दिसत असेल तर जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. वही-रंग तोवर घरी राहू द्या. परत आल्यावर ते काम पुढे चालू ठेवता येईल.