शब्द ज्याचे, गळाही त्याचाच

सोसायटीचा पुनर्विकास ठरला आणि कोथरूडमधल्या आमच्या घराच्या माळ्यावरची खोकी वीस वर्षांनी खाली आली. एका खोक्यात कॅसेटी होत्या. काहींच्या फिती एकमेकींना चिकटलेल्या, काहींच्या डब्यांची झाकणे हरवलेली. त्यांत संदीप खरे यांची ‘दिवस असे की’ सापडली. वाजवायला यंत्र नव्हते, म्हणून आतला कागद वाचत बसलो. शब्दांपुढे जे नाव होते तेच चालीपुढेही होते आणि त्या माणसाचा आवाजही फितीवर होता. तेव्हा ही गोष्ट मला विशेष वाटली नव्हती. आता वाटली, आणि मराठीत असे यापूर्वी कितीदा घडले ते शोधू लागलो.

मराठी भावगीताची रीत तीन माणसांची. ‘शुक्रतारा’चे शब्द मंगेश पाडगांवकरांचे, चाल श्रीनिवास खळे यांची, स्वर अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे. पुणे आकाशवाणीने 1955-56 साली वर्षभर ऐकवलेल्या ‘गीतरामायणा’त गदिमांनी लिहिले आणि बाबूजींनी चाल बांधली. पुढे बाबूजी एकट्याने ते गात राहिले, पण शब्द गदिमांचेच. ही श्रमविभागणी आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे, की कवी स्वतः गाऊ लागला तर श्रोते आधी थोडे सावरून बसतात. त्याचा सूर लागेल ना, ही धास्ती असते.

ही धास्ती पुण्यात नेहमीच होती असे मात्र नाही. 1923 साली इथेच रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही त्यातली ठळक नावे. या कवींनी कविता छापून थांबायचे नाही, ती सभेत गाऊन दाखवायची, अशी प्रथा रूढ केली. यशवंत आणि गिरीश यांच्या काव्यगायनाला गर्दी होत असे. ना तबला, ना सारंगी. कवी उभा राहून आपली कविता आपल्याच चालीत म्हणे. अत्र्यांनी 1925 साली ‘झेंडूची फुले’ काढून या मंडळींची यथेच्छ टिंगल केली. ती टिंगल आपण अजून चवीने वाचतो. विडंबनाला इतका वाव मिळाला, यावरूनच त्या कविता लोकांच्या कानांत किती बसल्या होत्या ते कळते. कुणी ऐकलेच नसते, तर विडंबनाला हसले कोण असते?

मग कवितेचा आणि गळ्याचा संबंध तुटला कसा? माझ्या मते दोन्ही बाजूंनी तुटला. एकीकडे तबकडी आली. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. त्यात पल्लेदार कविता बसत नाही, मुखडा आणि दोन-तीन अंतरे बसतात, आणि गळा तयारीचा लागतो. जी. एन. जोशींनी 1930च्या दशकाच्या आरंभी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ गायली तेव्हा कवी एक आणि गायक दुसरा, ही घडी बसू लागली. गजाननराव वाटव्यांनी पुण्याच्या गणेशोत्सवांतून भावगीत घरोघरी नेले. चाल त्यांची, गळाही त्यांचा, पण कविता बहुतेक इतरांच्या. दुसरीकडे मर्ढेकर आले. ‘काही कविता’ 1947 साली निघाला आणि त्यानंतर गंभीर कविता ही डोळ्यांनी, एकट्याने वाचायची वस्तू झाली. जी गाता येते ती थोडी हलकी, असा एक अबोल निकष तयार झाला. बापट, विंदा आणि पाडगांवकर या तिघांनी गावोगाव सभागृहे भरवली, पण ते काव्यवाचन होते. यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’चा आग्रह धरला, तो या तुटलेल्या धाग्याला गाठ मारण्यासाठीच, असे मला वाटते.

इथवरची कहाणी पुण्या-मुंबईच्या सभागृहांची झाली. एवढीच सांगून थांबलो तर लबाडी होईल. नाशिक जिल्ह्यात सिन्नरजवळच्या देशवंडीत 1922 साली जन्मलेले वामनदादा कर्डक आयुष्यभर स्वतः लिहून स्वतः गात राहिले. वस्त्यांतून, जलशांतून, जयंतीच्या मंडपांतून गायलेली त्यांची गाणी हजारांत मोजली जातात. गायक-कवी या शब्दाला मराठीत विसाव्या शतकातला सर्वांत भक्कम दाखला तोच. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी त्याच्या शेजारची. अमरावतीचे सुरेश भटही मैफलीत आपल्या गझला तरन्नुममध्ये म्हणत. तरी आमच्या खोक्यातल्या पन्नासेक कॅसेटींत वामनदादांची एकही नव्हती. ‘कवी स्वतः गातो, किती नवीन!’ असे आम्ही कोथरूडकर म्हणालो, तेव्हा त्यात अज्ञान किती होते ते आता मोजतो आहे.

अमेरिकेतही फाळणी अशीच होती, तिथे ती वेगळ्या तऱ्हेने मिटली. कॅरोल किंग ही न्यूयॉर्कची बाई साठच्या दशकात पती गेरी गॉफिनच्या शब्दांना चाली देऊन गाणी इतरांना पुरवत असे. 1971 साली ‘टॅपेस्ट्री’ या अल्बममध्ये ती स्वतः पियानोशी बसली. शिरेल्स या मुलींच्या गटाने दहा वर्षांपूर्वी गाजवलेले आपलेच एक गाणे तिने संथ करून गायले. तिचा गळा काही असामान्य नव्हता. पण ते गाणे आता एखाद्या घरातल्या खोलीत ऐकू यावे तसे झाले. सॉफ्ट रॉक म्हणून जे ओळखले जाते त्याचे मर्म तेच: आवाज खाली आणायचा, म्हणजे शब्द पुढे येतात.

खरे यांच्याकडे मी याच वाटेने येतो. सलील कुलकर्णी या वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या संगीतकाराबरोबर 2003 साली त्यांनी ‘आयुष्यावर बोलू काही’ सुरू केले. अल्बमही त्याच नावाचा. मंचावर पेटी घेऊन एक, कविता घेऊन दुसरा, आणि मोजके साथीदार. गाण्यांच्या मधे खरे कविता वाचत. म्हणजे रविकिरण मंडळाचे गायन आणि बापट-विंदा-पाडगांवकरांचे वाचन एकाच तिकिटात. काळ मात्र विचित्र होता. कॅसेट मरणपंथाला लागली होती, सीडीची नक्कल घरच्या संगणकावर होऊ लागली होती. अल्बम विकून पोट भरण्याचे दिवस सरत होते. अशा वेळी तिकीट काढून येणारा श्रोता हाच आधार, आणि अल्बम म्हणजे त्याला घरी पाठवलेले आमंत्रण.

हा श्रोता कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात हमखास भेटे. किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना 1962 साली कोथरूडमध्ये आला. पुढच्या काळात पेठांतल्या वाड्यांतून निघालेली कुटुंबे इथल्या तीन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये स्थिरावली. 2003पर्यंत त्यांची मुले संगणकाच्या नोकरीत होती, कुणी कॅलिफोर्नियात. दोघे कमावते, मूल पाळणाघरात. या घरांबद्दल गाणे कुणी लिहिले नव्हते. नाटकांनी त्यांची फजिती केली होती, पण त्यांच्याशी मऊ आवाजात बोलले कोणी नव्हते. ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ला प्रेक्षागृहातले मिशाळ बाप रुमाल काढत, हे मी शेजारच्या खुर्चीवरून पाहिले आहे. दुसऱ्या शेजाऱ्याने पाहिले असल्यास, माझाही निघाला होता.

आक्षेप ठाऊक आहेत. हा हळवेपणा आहे, ही दुःखे पगारदारांची आहेत, कविता टाळीकडे झुकते. तिन्ही आक्षेप अर्धे मान्य. टाळी जवळ असली की शेवटच्या ओळीला कलाटणी देण्याचा मोह होतोच, आणि तो या गाण्यांतही दिसतो. पण नेमके हेच यशवंत-गिरीश यांनाही ऐकावे लागले होते. शिवाय अल्बममध्ये जी गाणी मंचावर फारशी येत नाहीत, संथ आणि टाळीविना संपणारी, ती मला आजही अधिक टिकाऊ वाटतात. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला अशा गाण्यांना आसरा होता. श्रोता पुढे पळवण्याचा कंटाळा करी, म्हणून ती ऐकली जात. आता फोनवर हवे तेवढेच गाणे निवडता येते आणि बाजू उलटावी लागत नाही.

परवा कर्वे रस्त्यावरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे जुना टेपरेकॉर्डर मिळाला. पट्टा बदलून द्यायला त्याने आठवडा मागितला आहे. तोवर एक वही केली आहे. तिच्या पहिल्या पानावर वामनदादांचे नाव लिहिले आणि त्यांच्या कोणत्या कॅसेटी कुणाकडे मिळतील ते विचारत फिरतो आहे.