क्लिनिकल ट्रायल म्हणजे काय? सही करण्याआधी मोबाइलवर नोंद कशी तपासायची?

घरातल्या कुणाला तरी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये नेलंय. तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणतात, “आमचा एक स्टडी चालू आहे. पेशंटला त्यात घ्यायचं असेल तर हे वाचा आणि सही करा.” पाचोड, पैठणकडून छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत येणाऱ्या कुटुंबांत असा कागद बहुतेक वेळा घरातल्या शिकलेल्या पोराच्या किंवा पोरीच्या हातात दिला जातो. म्हणजे तुमच्या. त्या वेळी खिशातल्या मोबाइलवर काय काय तपासता येतं, ते या लेखात पाहू.

क्लिनिकल ट्रायल म्हणजे काय?

एखादं ॲप अपडेट झाल्यावर मित्राच्या फोनवर बटण निळं आणि तुमच्या फोनवर हिरवं दिसतं, हे पाहिलं असेल. कंपनी युजर्सचे दोन गट करते आणि कुठलं बटण जास्त चालतं ते मोजते. याला ए-बी टेस्टिंग म्हणतात. क्लिनिकल ट्रायलचा गाभा तोच आहे. पेशंटचे दोन किंवा जास्त गट करायचे, कोण कुठल्या गटात हे कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं आणि कुठल्या उपचाराने जास्त फायदा झाला ते मोजायचं.

फरक मोठा आहे. ॲप तुम्हाला विचारत नाही. ट्रायलमध्ये विचारावंच लागतं, लेखी संमती लागते.

हे फक्त नव्या औषधांसाठी असतं का?

नाही. घाटी म्हणजे १९५६ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. अशा ठिकाणी मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग, भूलशास्त्र अशा विभागांत एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरांना पदवीसाठी प्रबंध लिहावा लागतो. त्यामुळे ‘स्टडी’ म्हणजे कधी दोन जुन्या औषधांची तुलना असते, तर कधी फक्त रक्ताचे रिपोर्ट आणि माहिती गोळा करणं.

मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने झालेल्या एका ट्रायलमध्ये ११ केंद्रांतल्या १,६०० महिला होत्या. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती लिग्नोकेन हे भूल देण्याचं जुनं, स्वस्त इंजेक्शन दिलं तर फरक पडतो का, हा प्रश्न होता. २०२३ मध्ये निकाल छापून आला. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन घेतलेल्या गटात ९०.१ टक्के होतं, न घेतलेल्या गटात ८६.४ टक्के.

मराठवाड्यातलं उदाहरण: धाराशिव

१९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठी ट्रायल सुरू झाली. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिला, गावांचे ५२ समूह आणि चार गट. तीन गटांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एकेक वेगळी तपासणी झाली. चौथा कंट्रोल ग्रुप होता, त्याला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली.

२००९ मध्ये निकाल आला. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, कंट्रोल ग्रुपमध्ये ६४. दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे होते. आज जागतिक आरोग्य संघटना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी हीच तपासणी आधी करायला सांगते. त्या शिफारशीमागे आपल्या गावांतल्या महिलांचाही वाटा आहे.

पण याच ट्रायलवर टीकाही झाली. चौथ्या गटातल्या महिलांना तपासणीशिवाय ठेवणं योग्य होतं का? म्हणूनच ‘दुसऱ्या गटाला काय मिळणार?’ हा प्रश्न सही करण्याआधी विचारायचा असतो.

सीटीआरआय म्हणजे काय?

सीटीआरआय ही भारतातल्या ट्रायलची सार्वजनिक नोंदवही. आयसीएमआर ती चालवते. २० जुलै २००७ ला ती सुरू झाली. १५ जून २००९ पासून औषध महानियंत्रकांच्या परवानगीने होणाऱ्या ट्रायलला इथे नोंद सक्तीची आहे. १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते.

आधीच का? शर्यत संपल्यावर फिनिश लाइन आखली तर कुणीही जिंकेल. काय मोजणार, किती पेशंट घेणार हे आधी लिहून ठेवलं की निकाल नकोसा आला तरी तो गुपचूप बदलता येत नाही. नोंदीत नंतर केलेले बदलही दिसतात, गिट हिस्ट्रीसारखे.

मोबाइलवर कसं तपासायचं?

१. डॉक्टरांकडे किंवा माहितीपत्रकात सीटीआरआय नंबर आहे का ते बघा. त्यात सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि शेवटी सहा अंक असतात.

२. नंबर ‘आरईएफ’ने सुरू होत असेल तर थांबा. तो फक्त अर्जाचा नंबर आहे, नोंदणी अजून झालेली नाही.

३. ब्राउजरमध्ये सीटीआरआय ही चार इंग्रजी अक्षरं सर्च करून आयसीएमआरची साइट उघडा आणि ‘ट्रायल सर्च’मध्ये जा. नंबर नसेल तर आजाराचं किंवा औषधाचं नाव टाकून शोधा. पान कॉम्प्युटरसाठी बनवलेलं आहे, फोन आडवा धरा.

४. नोंद उघडली की हे बघा:

- नोंदणीची तारीख आणि पहिला पेशंट घेतल्याची तारीख. कुठली आधी आहे?
- तुमच्या हॉस्पिटलचं नाव केंद्रांच्या यादीत आहे का?
- एथिक्स कमिटीपुढे ‘अप्रूव्हड’ लिहिलंय का?
- पैसे कोण देतंय: कंपनी, सरकार की कॉलेज?
- दुसऱ्या गटाला काय दिलं जाणार?
- हा पदव्युत्तर प्रबंध आहे का? त्यासाठी वेगळा रकाना असतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नोंद सापडली म्हणजे उपचार चांगला, असं सर्टिफिकेट मिळालं असं नाही. ट्रायल उघडपणे चालू आहे, एवढंच त्यातून कळतं. आणि छोट्या प्रबंधाची नोंद सापडली नाही तर लगेच फसवणूक समजू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*नाही म्हटलं तर उपचार थांबतील का?*
नाही. नकार देता येतो आणि मध्येच बाहेरही पडता येतं. त्याचा नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये.

*एथिक्स कमिटीत सगळे त्याच हॉस्पिटलचे डॉक्टर असतात का?*
२०१९ च्या नियमांनुसार कमीत कमी सात सदस्य लागतात आणि निम्मे तरी संस्थेबाहेरचे लागतात. एक महिला, एक कायदा जाणणारी व्यक्ती आणि एक सर्वसामान्य नागरिक हवाच.

*आजीला वाचता येत नाही. नुसता अंगठा चालेल का?*
नुसता नाही. तिला कळेल अशा भाषेत समजावून सांगायला हवं आणि त्या वेळी ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा.

*संमतीचा व्हिडिओ का काढतात?*
पूर्णपणे नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या व्यक्तीची संमती घेताना ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग बंधनकारक आहे. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या ट्रायलमध्ये फक्त ऑडिओ घेतात.

*पैसे भरावे लागतात का?*
संशोधनासाठीच्या तपासण्यांचा खर्च पेशंटवर टाकू नये, असं आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. व्हॉट्सॲपवर कुणी ‘ट्रायलमध्ये नाव घालतो, आधी पैसे पाठवा’ म्हणालं तर पाठवू नका.

*ट्रायलमुळे त्रास झाला तर?*
ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार मिळतात आणि नियमांनुसार भरपाईची तरतूद आहे. कुणाशी संपर्क करायचा ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं.

म्हणून सही केल्यावर फॉर्मची आणि माहितीपत्रकाची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि पेशंटसोबत थांबणाऱ्या माणसाच्या फोनवरही पाठवून ठेवा.