साथीदाराचे नायकत्व

मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर, परभणी आणि मानवत रोड या दोन स्थानकांच्या दरम्यान, पेडगाव लागते. काळ्या मातीचा हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निझामी अंमलाखाली होता. अंमल कोणाचाही असो, येथील गावगाड्यात तालवाद्य वाजविणे ही कला म्हणून गणली जात नसे. ते बलुत्याच्या हिशेबात मोडणारे काम होते. पोळा असो, दवंडी असो, वरात असो वा अंत्ययात्रा असो, विस्तवावर शेकून ताणलेल्या हलगीवर दोन असमान काड्यांनी लय उभी करणारा मातंग कलावंत मिरवणुकीच्या अग्रभागी चाले आणि पंगतीच्या वेळी मात्र गावकुसाबाहेर थांबे. ज्याच्या हातांवर साऱ्या गावाची पावले पडत, त्याचे नाव विचारण्याची गरज गावास वाटली नाही, ही आपल्या संगीतेतिहासातील मोठी खंत आहे.

नागर मैफलीतही स्थिती फारशी निराळी नव्हती. नर्तकीच्या पाठीमागे कमरेला तबला बांधून तासन् तास उभा राहणारा तबलजी हा तिच्या लवाजम्याचा एक भाग समजला जाई. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाखाँ यांनी संगत केली, तेव्हा मराठी रसिक तबल्याकडे स्वतंत्र कान देऊ लागला. पुढे १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. तथापि तबलजीने गायकाच्या पाठीशी न राहता वाद्यवृंदाचे नेतृत्व करावे, ही कल्पना अद्याप दूर होती. ती ज्यांनी प्रत्यक्षात आणली, त्यांत त्रिलोक गुर्टू यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

त्यांची कुळकथा बेळगावपासून सुरू होते. तेथे १९२५ साली जन्मलेल्या भानुमती शिरोडकर यांच्या मातोश्री मेनकाबाई या नर्तकी होत्या आणि अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्याही होत्या. भानुमतीबाई विवाहानंतर शोभा गुर्टू झाल्या आणि ठुमरी-दादऱ्याच्या प्रांतात त्यांनी जे स्थान मिळविले ते सर्वश्रुत आहे. ठुमरीच्या गायनात एक क्षण असा येतो, की बोल-बनावाचा विस्तार पुरा होऊन गायिका मुखड्यावर स्थिर होते, लय चढते आणि इतका वेळ संयमाने ठेका धरणाऱ्या तबलजीला लग्गीसाठी मोकळीक मिळते. ३० ऑक्टोबर १९५१ रोजी मुंबईत जन्मलेला त्यांचा पुत्र त्रिलोक हा क्षण घरातच ऐकत वाढला. बालपणापासून हाती तबला असलेल्या या मुलाचे शिक्षण शाह अब्दुल करीम यांच्याकडे झाले. प्रतीक्षा आणि मुक्ती यांचे जे प्रमाण त्याच्या पुढील वादनात दिसते, ते मला तरी त्या लग्गीचेच देणे वाटते.

पाश्चात्त्य संगीत त्याने ध्वनिमुद्रिकांवरून आत्मसात केले. एकावर एक आवाज चढवून मुद्रण करण्याची युक्ती त्यास ठाऊक नव्हती. त्यामुळे अनेक वादकांचे काम एकच मनुष्य करतो आहे असे समजून, ते सारे स्वतःच्या चार अवयवांनी साधण्याचा त्याने उद्योग आरंभिला. अज्ञानातून उपजलेल्या या साधनेला गोमंतकात एक भव्य पूर्वपीठिका आहे. लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर दोन हात, दोन पाय आणि मुख यांनी निरनिराळे ताल एकाच वेळी धरीत. ड्रम्सवर बसणाऱ्यास नेमके हेच करावे लागते.

गुर्टू मात्र त्या वाद्यापुढे उंच आसनावर बसत नाहीत. जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून ते वाजवितात. पाश्चात्त्य ड्रम्सच्या शेजारी तबला असतो आणि झांजा व शिंपल्यांच्या माळा पाण्याच्या बादलीत बुडवून ते स्वराला ओल आणतात. त्या बैठकीत मला आपल्या मैफलीचीच आठवण सापडते.

कारकीर्दीचा तपशील थोडक्यात सांगतो. कॉलिन वॉलकॉट यांच्या १९८४ मधील अपघाती निधनानंतर ‘ओरेगॉन’ या अमेरिकन वृंदात वॉलकॉट यांची जागा गुर्टू यांनी घेतली. जॅझ आणि रॉक यांचा संगम घडविणाऱ्या महाविष्णू ऑर्केस्ट्राचे संस्थापक जॉन मॅक्‌लॉफ्लिन यांच्या त्रयीत ते दाखल झाले व १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांचे वादन ध्वनिमुद्रित झाले. ‘डाऊनबीट’ मासिकाच्या समीक्षकांनी त्यांना अनेक वर्षे श्रेष्ठ तालवादक म्हणून निवडले. ‘क्रेझी सेंट्स’ (१९९३) या ध्वनिमुद्रिकेत जो झाविनुल आणि पॅट मेथेनी यांच्यासारखे मातब्बर कलावंत त्यांच्या नेतृत्वाखाली वाजवितात. शतकभरापूर्वी याच तबलजीला मागे उभे राहावे लागे, हे ध्यानी घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते.

स्वतःच्या नावावरची ‘उस्फ्रेत’ ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९८८ साली निघाली. वृंदाचे नायक म्हणून तीवर त्रिलोक गुर्टू यांचे नाव आहे. आणि गाणाऱ्या आहेत शोभा गुर्टू.